कोपऱ्यातलं लेबल

विश्वास तांबवेकरला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस मूळचा सिन्नरचा. कुवेतच्या एका सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा. बायको तारा तिथेच नर्स, आणि दोघांचा संसार खैतानमधल्या दोन खोल्यांत. पण दर शुक्रवारी दुपारी हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून रुमैथियाला परीक्षित देवस्थळीच्या फ्लॅटवर जायचा आणि व्हिडिओवरची मॅच बघत ‘काय फटका मारलाय!’ म्हणून मांडीवर थाप मारायचा. ही थाप नेहमी इतरांच्या मागून पडायची.

परीक्षित पुण्याचा, पेट्रोकेमिकलमधला बडा इंजिनियर. क्रिकेट हा बँकेतल्या कारकुनांचा खेळ, असं त्याचं मत, आणि आपलं मत तो मत म्हणून सांगतच नसे, निकाल म्हणून सांगे. बेसबॉलचं वेड त्याला लावलं हॉलिसनं. वॉल्टर हॉलिस हा म्हातारा अमेरिकन १९५६ साली तेलविहिरी खणायला अहमदीला आला आणि इथलाच झाला. बायको वारली, नोकरी संपली, तरी परत गेला नाही. तरुणपणी त्याला अमेरिकेहून खेळाचं एक साप्ताहिक पोस्टानं यायचं. त्यातली बेसबॉलची कव्हरं त्यानं फाडून ट्रंकेत जपून ठेवली होती. लहान घरात राहायला जाताना ती ट्रंक त्यानं परीक्षितला देऊन टाकली. दोनशे कव्हरं होती हो!

तेव्हापासून रिवाज पडला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कव्हरं गालिच्यावर मांडायची. हॉलिस, परीक्षित, त्याच्या ऑफिसातला शैलेश आणि विश्वास, चौघांनी आधी खजूर खायचे आणि प्रत्येकानं तीन बिया धुऊन हातात घ्यायच्या. जे कव्हर आवडेल त्यावर बी ठेवायची. ज्यावर जास्त बिया, ते महिनाभर हॉलमध्ये फ्रेममध्ये. नियम एकच होता आणि तो परीक्षितचा होता. कव्हराच्या डाव्या कोपऱ्यात खाली टाइप केलेलं पत्त्याचं लेबल पाहिजे : डब्ल्यू. हॉलिस, अहमदी, कुवेत.

‘‘कव्हरं काय, अमेरिकेत पैशाला पासरी मिळतील,’’ परीक्षित म्हणायचा. ‘‘पण कुवेतच्या लेबलाची? जगात एवढीच. लेबल नाही तर कव्हर नाही.’’

विश्वास मान डोलवायचा. आपल्याकडे स्वतःचं एकही कव्हर नाही, आपण नुसते बिया टाकणारे, ही गोष्ट मात्र त्याला आतून खात होती. इंजिनियर लोकांच्या गालिच्यावर आपलंही काही तरी मांडलेलं असावं, एवढीच त्याची हौस. हसू नका. माणसं याहून क्षुल्लक गोष्टींसाठी झुरतात.

आणि नव्वदच्या एप्रिलमध्ये त्याला ते सापडलं. शुक्रवारच्या जुन्या बाजारात, मोडक्या फ्रीजखालच्या कागदांच्या ढिगात. कव्हर सत्तावन्न सालचं. चेंडू अडवणारा तो मागचा खेळाडू, तोंडावरची जाळी कपाळावर सरकवलेली, गालावर मातीचे पट्टे, आणि बघतोय थेट तुमच्याकडे. काय चेहरा होता तो! विश्वासनं ते दोन आठवडे गादीखाली दाबून सरळ केलं. डाव्या कोपऱ्यात लेबल सोलल्याचा खरबरीत डाग होता. तेवढं कोण बघतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मेच्या पहिल्या शुक्रवारी ते गालिच्यावर मांडलं तेव्हा सगळे पुढे सरकले. शैलेशनं तिन्ही बिया त्यावरच टाकल्या. हॉलिसनं चष्मा काढला, पुन्हा लावला. ‘‘हा अंक मला कधी मिळालाच नाही,’’ तो त्याच्या इंग्रजीत पुटपुटला. ‘‘कुठे तरी वाटेत हरवला असणार.’’ त्यानं दोन बिया ठेवल्या. पाच बिया! विश्वासच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

परीक्षितनं वाकून कव्हराचा कोपरा नखानं उचलला.

‘‘बाद,’’ तो म्हणाला.

मग त्यानं एकेक बी उचलून ज्याची त्याच्या तळहातावर परत ठेवली. अगदी सावकाश. ‘‘विश्वासराव, रद्दी रद्दीच्या जागी शोभते. अगं जुईली, यांना एक पिशवी दे गं, रद्दी घरी न्यायची आहे.’’ परीक्षितची बायको जुईली चहा घेऊन येत होती, ती तोंडाला पदर लावून हसली. शैलेश हसला. मराठी न कळणारा हॉलिससुद्धा सगळे हसतात म्हणून हसला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विश्वासही हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘रद्दीवाले’ पडलं. जूनमध्ये जुईली सुट्टीला पुण्याला गेली, तरी तिनं फोनवर ‘रद्दीवाले काय म्हणतात?’ असं विचारलं.

दोन ऑगस्टला इराकचे रणगाडे आले आणि कुवेत म्हणून जे काही होतं ते आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. शैलेश मिळेल त्या गाडीनं बसऱ्याच्या रस्त्याला लागला. विश्वास आणि तारा अडकले, कारण इस्पितळ नर्सांना सोडायला तयार नव्हतं. गोऱ्या लोकांना पकडून न्यायला सुरुवात झाली होती. धरपकडीच्या तिसऱ्या दिवशी हॉलिस एका उशीच्या अभ्र्यात दोन कपडे घेऊन परीक्षितच्या दारात उभा राहिला.

इथे परीक्षितचं मोठेपण मान्य करायला पाहिजे. तोंडाचा फाटका माणूस, पण त्यानं दार उघडलं. गोऱ्याला लपवेल त्याला फाशी, असा हुकूम निघाला, तरी त्यानं हॉलिसला आतल्या खोलीत ठेवलं आणि खिडकीवर ब्लँकेट ठोकलं.

हॉलिसला मधुमेह होता. इन्शुलिनवाचून तो आठवडाभरही टिकला नसता, म्हणून तारा धावली. दर शुक्रवारी ती पर्सच्या तळाशी, कापसाच्या गुंडाळीत दोन बाटल्या आणि सिरिंज लपवून न्यायची. इस्पितळाचं कार्ड दाखवलं की चेकपोस्टवरचे शिपाई सोडायचे. फार तर विश्वासकडून एक सिगारेट उकळायचे. गाडी विश्वास चालवायचा. त्यालाही भीती वाटायची, नाही असं नाही. पण देवस्थळी साहेबाचं आपल्यावाचून अडतंय, या विचारानं त्याला आतून बरंही वाटायचं.

सप्टेंबरमध्ये रुमैथियात घरोघर झडत्या सुरू झाल्या. परीक्षितनं विश्वासला स्वयंपाकघरात बसवलं आणि ट्रंक पुढ्यात ठेवली.

‘‘ही सगळी लेबलं सोलून काढा. माझे हात थरथरतात. तुमचा हात स्थिर आहे,’’ तो म्हणाला. ‘‘लेबलं संडासात टाकायची. नाव नसलं की नुसती चित्रं उरतात, कोण विचारतंय? पण एक जरी लेबल कुणाच्या हाती लागलं ना विश्वासराव, तर हॉलिस गेला. आणि मीही गेलो.’’

विश्वासनं किटली ठेवली. वाफेवर कोपरा धरायचा, डिंक सैल झाला की चिमट्यानं लेबल उचलायचं. दोनशे लेबलं, दोन दुपारी. समोर परीक्षित सुतकी चेहऱ्यानं बसलेला. आणि खरं सांगायचं तर विश्वासला त्या दोन दुपारी जेवढं सुख मिळालं तेवढं त्या अख्ख्या वर्षात मिळालं नव्हतं. प्रत्येक लेबल निघालं की तो मनात म्हणायचा, बाद. दुसरं निघालं, हेही बाद. शंभराच्या पुढे तर ते त्याच्या ओठांवर आलं. परीक्षितनं ऐकलं, पण त्याला बोलायची सोय नव्हती.

शेवटचं लेबल निघालं तेव्हा परीक्षित तोंड धुवायला उठला होता. विश्वासनं ते संडासात टाकलं नाही, शर्टाच्या खिशात टाकलं. घरी आल्यावर त्यानं ताराच्या डब्यातला चमचाभर मैदा घेतला. तिनं तो तीन तास रांगेत उभं राहून आणला होता. त्याची खळ शिजवली आणि आपल्या कव्हराच्या खरबरीत डागावर ते लेबल बरोब्बर बसवलं. मग कव्हर समोर धरून बघितलं. डब्ल्यू. हॉलिस, अहमदी, कुवेत. आता अख्ख्या जगात लेबल असलेलं कव्हर एकच होतं आणि ते रद्दीवाल्याचं होतं. त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच खदखदून हसला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी तारा म्हणाली, ‘‘हॉलिससाहेब मागच्या खेपेला म्हणत होते, पुन्हा एकदा बिया टाकू या. फार खचलेत हो. तेवढाच विरंगुळा.’’

‘‘टाकू या की,’’ विश्वास म्हणाला. त्यानं एक्स-रेचं मोठं पाकीट घेतलं. आत एका छातीची फिल्म आणि तिच्यामागे कव्हर.

‘‘त्यात काय आहे?’’

‘‘पेशंटची फिल्म. डॉक्टरला दाखवायचीय.’’

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कुठला डॉक्टर, हे ताराच्या लक्षात यायला हवं होतं. पण तिचं सगळं लक्ष पर्सच्या तळाशी लागलेलं.

रुमैथियाच्या तोंडाशी त्या दिवशी नेहमीच्या शिपायांसोबत एक अधिकारी खुर्ची टाकून बसला होता. इंग्रजी चांगलं बोलायचा. त्यानं पाकीट मागितलं, फिल्म उन्हात धरून बघितली, आणि मग कव्हर बाहेर काढलं. ताराचा चेहरा पांढरा पडला. तिनं नवऱ्याकडे बघितलं. विश्वास समोर बघत होता.

‘‘वा!’’ अधिकारी म्हणाला. ‘‘लहानपणी मीही अशी कव्हरं जमवायचो. फुटबॉलची. कुठे मिळालं हे? जुन्या बाजारातल्या रद्दीतलं असणार. तिथे असले ढीग पडलेले असतात.’’

आता बघा. त्या माणसानं सुटकेचं दार स्वतःच्या हातानं उघडून धरलं होतं. ‘हो साहेब, रद्दीतलं,’ एवढं म्हटलं की झालं. आणि ते खरंही होतं! तारानं त्याच्या हाताला कोपरानं ढोसलं. ‘‘हो म्हणा,’’ ती दात आवळून मराठीत म्हणाली, ‘‘रद्दीतलं आहे म्हणा.’’

पण रद्दी हा शब्द ऐकला आणि विश्वासच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच महिने साठलेलं सगळं वर आलं.

‘‘नो सर,’’ तो म्हणाला. ‘‘ओरिजिनल आहे. लेबल बघा.’’

आणि त्यानं स्वतःच्या बोटानं कोपरा दाखवला.

अधिकाऱ्यानं लेबल वाचलं. मोठ्यानं वाचलं. ‘‘हॉलिस. अहमदी. तुमचे मित्र का?’’

‘‘हो. म्हणजे...’’ आपण काय करून बसलो ते विश्वासला आत्ता कळलं. ‘‘म्हणजे होते. गेले. केव्हाच गेले.’’

‘‘बाईंची पर्स,’’ अधिकारी शिपायाला म्हणाला.

कापसातून दोन बाटल्या निघाल्या. अधिकाऱ्यानं त्या बोनेटवर ठेवल्या. ‘‘कुणाला लागतं हे?’’

‘‘मला,’’ तारा तत्काळ म्हणाली. ‘‘मला मधुमेह आहे.’’

‘‘मग घ्या ना. दुपारची वेळ आहे. इथेच घ्या.’’

तारानं सिरिंज काढली. तिचा हात जराही हलला नाही. बारा युनिट भरले तशी अधिकाऱ्यानं सिरिंजवर बोट ठेवलं. ‘‘आणखी.’’ तीस भरल्यावर त्यानं बोट उचललं. ताराच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. तिनं बाही वर केली आणि त्याच्या डोळ्यांत बघत सुई दंडात खुपसली.

‘‘छान,’’ अधिकारी म्हणाला आणि त्यानं सिगारेट पेटवली. ‘‘आता आपण बसू. माझा भाऊ डॉक्टर आहे, मला थोडं कळतं. बाईंना मधुमेह असेल तर काही होणार नाही. नसेल तर अर्ध्या तासानं घाम येईल, मग हातपाय कापतील, मग त्या पडतील. तोवर तुम्ही आठवून बघा, मिस्टर हॉलिस कुठे गेले ते.’’

दोघांना उन्हात उभं केलं. तारा सरळ उभी होती. ‘‘एक शब्द बोललात तर बघा,’’ ती म्हणाली. ‘‘मी निभावते. तासाभरात कंटाळून सोडतील.’’ पंचवीस मिनिटांनी तिच्या वरच्या ओठावर घाम फुटला. मग कपाळावर. मग तिची बोटं कापायला लागली आणि तिनं ती ओढणीत गुंडाळली. ‘‘बोलू नका हं,’’ ती पुन्हा म्हणाली, पण आता तिची जीभ जड झाली होती.

विश्वास बोलला. इमारत सांगितली, मजला सांगितला, आतली खोली सांगितली. कुणी न विचारता ब्लँकेटही सांगितलं.

दोघांना पुढे घालून शिपाई फ्लॅटवर पोचले, तेव्हा परीक्षितनं तारा आली असं समजून दार उघडलं. शिपायांनी त्याला भिंतीला लावलं. आतल्या खोलीत हॉलिस जमिनीवर बसला होता. पुढ्यात विनालेबलाची कव्हरं मांडलेली, मध्ये खजुरांची थाळी, आणि धुतलेल्या बियांचे तीन-तीनचे चार ढीग लावून ठेवलेले. शैलेशच्या जागी त्यानं आज ताराला धरलं होतं. शिपायांना बघून तो ओरडला नाही की रडला नाही. चष्मा घेऊ का, एवढंच त्यानं विचारलं. एका शिपायानं चष्मा बुटाखाली घेतला.

‘‘साहेब, ते इन्शुलिन तरी बरोबर न्या,’’ तारा दाराच्या चौकटीला धरून म्हणाली. तिला नीट उभं राहवत नव्हतं. ‘‘याच्याशिवाय ते मरतील.’’ अधिकाऱ्यानं खिशातून दोन्ही बाटल्या काढून टेबलावर व्यवस्थित एकाशेजारी एक ठेवल्या आणि हॉलिसला पुढे ढकललं.

मग त्यानं कव्हर परीक्षितच्या नाकासमोर धरलं. ‘‘तुमच्या मित्रानं दाखवलं नसतं तर आम्ही तुम्हाला आणखी महिनाभर शोधत राहिलो असतो.’’

परीक्षितच्या ओठातून रक्त येत होतं. त्यानं कव्हराकडे बघितलं. लेबलाकडे बघितलं. हात मागे बांधलेले, म्हणून वाकून कोपरा नाकाजवळ नेला आणि वास घेतला. मग मान वर करून विश्वासकडे बघितलं. त्या नजरेत ना भीती होती ना शिवी. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी होती तीच नजर होती.

‘‘मैद्याची खळ,’’ तो म्हणाला. ‘‘बाद.’’

त्याला जिन्यावरून नेताना त्याचा एक बूट पायरीवर राहिला. अधिकारी सगळ्यांत शेवटी निघाला. त्यानं कव्हर विश्वासच्या हातात दिलं. ‘‘तुमचं आहे, सांभाळा. आणि बाईंना काही गोड खायला द्या. इस्पितळाला नर्सांची गरज आहे.’’

खाली गाड्या सुरू झाल्या आणि गेल्या. घरात दोघंच उरली. तारा भिंत धरत गालिच्यावर बसली, थाळी जवळ ओढली आणि खजूर खायला लागली. हात इतके थरथरत होते की पहिला खजूर दोनदा खाली पडला. एक, दोन, तीन, ती भराभर चावून गिळत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. विश्वास कव्हर हातात धरून समोर उभा होता. काही तरी बोलावं म्हणून तो म्हणाला, ‘‘तुझ्यासाठी बोललो गं. तू पडली असतीस.’’

‘‘ते नंतरचं,’’ तारा म्हणाली. ‘‘त्याच्या आधी काय बोललात?’’

त्यानं कव्हर पाठीमागे नेलं.

‘‘ठेवा ते खाली,’’ ती म्हणाली.

त्यानं कव्हर गालिच्यावर, बाकीच्या कव्हरांच्या मधोमध ठेवलं. जाळी कपाळावर सरकवलेला तो खेळाडू थेट त्यांच्याकडे बघत होता. तारानं तोंडातली बी काढली आणि त्याच्यावर ठेवली. मग थाळीतल्या आणखी दोन घेतल्या आणि ठेवल्या. मग हॉलिसनं लावलेले ते चारही ढीग तिनं एकेक करून कव्हरावर लोटले.

‘‘घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘सगळी मतं तुमची.’’